तुमचं मोटिव्हेशन ठेवा तुमच्यापाशी

भिलाईत ‘व्यायामाचं मोटिव्हेशन टिकत नाही’ अशी तक्रार करणारा माणूस कोण असतो, हे त्याचं तोंड न बघता मी सांगू शकते. तो स्टील प्लांटच्या टाउनशिपमध्ये राहतो. प्लांटमध्ये रेग्युलर आहे, नाहीतर होता. घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर त्याला मैदान आहे, झाडांखालचा रुंद रस्ता आहे. स्वयंपाकघरात त्याच्यासाठी कुणीतरी उभं आहे. पोट पट्ट्यावरून ओघळलेलं, साखरेचा रिपोर्ट टेबलावर, आणि सकाळी सहा वाजता मोबाइलवर उगवत्या सूर्याच्या चित्राखाली ‘उठा, स्वतःला जिंका’ छापाचा मजकूर. तो मजकूर हा गृहस्थ पडल्या पडल्या सगळ्या ग्रुपांवर पाठवतो आणि कूस बदलतो.

खुर्सीपार वस्तीतल्या ठेका मजुराच्या तोंडून ही तक्रार मी कधी ऐकली नाही. आमच्या स्ट्रीटवर चार घरची भांडी घासणाऱ्या बाईच्या तोंडूनही नाही. त्यांची तक्रार गुडघ्याची असते, कमरेची असते, हातात पडणाऱ्या पैशांची असते. मोटिव्हेशनची टंचाई फक्त त्यालाच जाणवते, ज्याचं बाकी सगळं भागलेलं आहे.

माणूस रोज चालतो आणि बरं खातो ते मनाला उमाळे येतात म्हणून, यावर माझा काडीचा विश्वास नाही. दिवसाची घडीच तशी बसलेली असली की तो चालतो. घडी विस्कटली की कितीही भाषणं ऐकवा, तो खुर्चीतून उठत नाही. आणि याचा पुरावा शोधायला आम्हाला लांब जायला नको, कारण आमचं गावच मुळी कागदावर घडी आखून मग जमिनीवर उतरवलेलं आहे.

2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि शेजारी एकामागून एक सेक्टर उभे राहिले. शाळा जवळ, बाजार जवळ, खेळायला मैदान, प्लांटकडे जाणारे सरळ सपाट रस्ते. भंडारा-गोंदिया-नागपूरकडची आमची माणसं या क्वार्टरांत येऊन राहिली, त्यांतले माझे वडील एक. शिफ्ट सुटली की मेन गेटमधून सायकलींचा असा लोंढा निघायचा की तो ओसरेपर्यंत रस्ता ओलांडायची सोय नसायची. त्या माणसांना सायकल चालवायची प्रेरणा कुणी दिली होती? कुणीच नाही. स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, मोटारीचं तर नावच सोडा, आणि ड्यूटीवर वेळेत पोचायचं असे. त्या काळाची मला आरती ओवाळायची नाही. बिडी होती, तंबाखू होता, पगाराच्या रात्री दारूही होती. पण पायांना काम होतं, आणि ते मनाला विचारून ठरत नव्हतं.

लंडनच्या जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टराने 1953 साली हेच आकडे मांडून दाखवलं. तिथल्या डबलडेकर बसचे चालक आणि वाहक एकाच कंपनीत, एकाच थरातले, एकच पाव खाणारे. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिने चढ-उतार करत तिकिटं फाडणारा. हृदयविकाराचं प्रमाण वाहकांमध्ये चालकांपेक्षा बरंच कमी निघालं. त्या वाहकांना कुणी ‘स्वतःवर प्रेम करायला शिका’ म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांच्या बसला जिना होता, एवढंच.

आमचा जिना आम्ही काढून टाकला. पगार वाढले, स्कूटर आली, मोटार आली, मग दुसरी मोटार आली. आता सिव्हिक सेंटरला चाट खायला जायचं तरी गाडी बाहेर निघते. संध्याकाळी उद्यानाच्या फाटकापाशी ज्या मोटारी दाटीवाटीने उभ्या असतात त्या बघा: ही मंडळी चालायला आलेली आहेत. एका सेक्टरातून दुसऱ्या सेक्टरात गाडीने यायचं, फाटकाला शक्य तितकी चिकटवून ती लावायची, आत गोल गोल चार फेऱ्या मारायच्या, फोटो काढायचा, बाहेर येऊन गुपचुपच्या ठेल्यावर उभं राहायचं, आणि परत गाडीने घरी. यांना विचारलं, बागेपर्यंतच चालत का येत नाही? तर म्हणतात, “वेळ वाया जातो हो वहिनी.”

दर जानेवारीत आमच्या मंडळात प्रेरणादायी व्याख्यान असतं. वक्ता बाहेरून येतो, गळ्यात माइक अडकवून व्यासपीठावर येरझाऱ्या घालतो. त्या तासाभरात सभागृहात खरा व्यायाम झाला तर तो त्या एकट्याचाच. तो सांगतो, एकवीस दिवस करा, सवय लागलीच म्हणून समजा. हे एकवीस दिवस आले कुठून ते त्याला माहीत नसतं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहून ठेवलं की शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रोग्याला किमान तीन आठवडे लागतात. नाक बदललेल्या माणसांचं हे निरीक्षण साठ वर्षं चालायला जाणाऱ्यांच्या माथी मारलं जातंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 लोकांना खरोखर नवी सवय लावायला बसवून मोजणी केली, तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले. कुणाला 18 पुरले, तर कुणाचा हिशेब 254 वर गेला. पण 254 दिवसांचं व्याख्यान कोण ऐकेल? मग वक्ता दहा हजार पावलांवर येतो. तो आकडाही दवाखान्यातून आलेला नाही, दुकानातून आलेला आहे: टोकियो ऑलिम्पिकच्या पाठोपाठ, 1965 साली, जपानच्या यामासा कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ ठेवलं. मीटर खपलं, आकडा उरला, आणि भिलाईतले आजोबा रात्री साडेदहाला उरलेली सहाशे पावलं पुरी करायला पलंगाभोवती फिरू लागले.

व्याख्यान संपल्यावर समोसे, जिलबी आणि साखरेचा चहा. एका वर्षी मी उभी राहून विचारलं की हा खर्च कशासाठी. अध्यक्ष भाऊ हसून म्हणाले, “वहिनी, शेवटी प्रश्न ज्याच्या त्याच्या इच्छाशक्तीचा आहे.” मी म्हटलं, मग समोसे कुणाच्या इच्छाशक्तीने मागवले? त्यावर टाळ्या वाजल्या, समोसे संपले, पुढच्या जानेवारीसाठी नवा वक्ता ठरला.

हीच इच्छाशक्ती नसलेली माणसं नवरात्रात काय करतात ते बघा. भिलाई-दुर्गहून डोंगरगढच्या बमलेश्वरीला पायी निघतात. सत्तरेक किलोमीटर. तिथे पोचल्यावर हजाराहून अधिक पायऱ्या, आणि रोपवे असूनही कितीतरी जण त्या चढतात. यांत मधुमेहवाले असतात, गुडघ्याला पट्टा बांधलेले असतात, एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात कोथिंबीर आणायला स्कूटर काढणारे असतात. भक्ती आहे, कबूल. पण नुसत्या भक्तीने टाचेचा फोड बरा होत नाही. राजनांदगावच्या रस्त्यावर जागोजागी सेवा पंडाल लागलेले असतात. पाणी, चहा, जेवण, पाय चोळायला मलम, पाठ टेकायला सतरंजी. पुढे माणसं, मागे माणसं. थांबलात तर कुणीतरी हाक मारतं. रस्त्याची एक बाजू तेवढ्या दिवसांपुरती पायी जाणाऱ्यांची होऊन जाते. एवढी सोय, एवढी सोबत आणि एवढी जागा केली की सगळं गाव चालू लागतं, आणि नवरात्र उलटलं की पंडाल गुंडाळले जातात, तोच रस्ता परत ट्रकांचा होतो, आणि माणूस घरी बसून म्हणतो, मोटिव्हेशन टिकत नाही.

आता शिफ्टवाल्यांकडे येते, कारण आरोग्यावर लिहिणारे पुण्या-मुंबईचे लोक त्यांना माणसांत धरत नाहीत. 2018 च्या सुमारास महाराष्ट्रात दीक्षित-दिवेकर वाद पेटला तो व्हॉट्सॲपवरून इथेही येऊन धडकला. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, तेही पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर म्हणतात थोडं थोडं, वेळेवर, आपल्या मातीतलं खा. मंडळात दोन तट पडले, नवरा-बायकोत अबोले झाले. माझ्या धाकट्या दिराची तेव्हा नाइट होती. रात्री दहा ते सकाळी सहा भट्टीपाशी, सकाळी घरी येऊन डोक्यावर चादर घेऊन झोप, दुपारी जाग, पुढे पाळी बदलली की पहाटे पाचला डबा. तो मला म्हणाला, “वहिनी, माझा दिवस कुठला ते आधी ठरवा, मग त्यात दोनदा जेवायचं की आठदा ते बघू.” या प्रश्नाला दोन्ही तटांकडे उत्तर नव्हतं. शरीरातलं घड्याळ पेशीपेशीत चालतं, हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं. त्याच्याही दहा वर्षं आधी, 2007 साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हे घड्याळ मोडणारी पाळी ‘बहुधा कर्करोगकारक’ यादीत घातली होती. पोलाद रात्रीही वितळत ठेवावं लागतं, भट्टी संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही, हे मला कळतं. मग रात्रपाळीच्या माणसाला कॅन्टीनमध्ये पहाटे तीनला काय मिळतं याची चिंता कुणीतरी करायला हवी. समोसा, आलुगुंडा, गोड चहा. आणि वर भिंतीवर पोस्टर: ‘तेलकट टाळा’.

ठेका मजुराला तर पोस्टरचीही गरज नाही. त्याच्यापुढे व्यायामाचा विषय काढणं हा निर्लज्जपणा आहे. त्याला हवी आहे विश्रांती, आणि विश्रांती ही या देशात कुणी प्रेमाने दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या सत्यशोधकाने वर्षानुवर्षं झगडल्यावर. आज रविवारी सकाळी ‘संडे रन’चे टी-शर्ट घालून फिरणाऱ्या किती मराठी पोरांना हे नाव ठाऊक आहे? भिलाईचा हिशेब तर याहून रक्ताळलेला आहे. जगता येईल असं वेतन आणि कायम काम मागणाऱ्या मजुरांचा पुढारी शंकर गुहा नियोगी 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे याच गावात झोपेत गोळी घालून मारला गेला. 1 जुलै 1992 ला पॉवर हाउस स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या त्याच्या माणसांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात डझनाहून जास्त मेले. आम्ही टाउनशिपवाल्यांनी त्या दिवशी खिडक्या लावून घेतल्या होत्या.

नियोगींचं नाव इथे काढायला आणखी एक कारण आहे. आमच्या प्लांटला लोखंडाचा दगड पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत त्यांनी 1977 पासून ठेका मजुरांची युनियन उभी केली. लढून मजुरी वाढवून घेतली, आणि वाढलेली मजुरी दारूच्या दुकानात जाऊ लागली. आज असं झालं तर समुपदेशक बोलावतील, ‘स्वतःला वचन द्या’ म्हणून हात वर करायला लावतील. युनियनने दारूबंदीला लढ्याचा भाग केलं. मोहल्ल्यात बैठका, पिणाऱ्याला सगळ्यांसमोर जाब, आणि सगळ्यांत पुढे बायका. हजारो मजुरांनी पिणं सोडलं. मग 1983 साली त्यांनी आपल्याच वर्गणीतून आणि आपल्याच श्रमातून शहीद हॉस्पिटल बांधलं. बिनायक सेन, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तिथे येऊन राहिले. ते हॉस्पिटल आजही चालतं. अक्षरओळख जेमतेम असलेल्या खाणमजुरांनी व्यसन सोडवण्याचं जे काम करून दाखवलं ते आमच्या डिग्रीवाल्यांना एका जिलबीच्या बाबतीत जमत नाही, कारण इथे जो तो एकटा लढतोय, आपापल्या फ्रिजसमोर, रात्री अकरा वाजता.

खाण्याचं ढोंग तर विचारूच नका. 2022 च्या 1 मे रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी कामगार दिनाला सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, एखादी चटणी किंवा भाजी घेऊन खायचा. उन्हाळ्यात शेतावर जाणाऱ्या माणसाचं हे शहाणपणाचं जेवण: पहाटे चूल पेटवायला नको, पोट थंड राहतं, पाणीही पोटात जातं. त्या दिवशी छत्तीसगढभर काशाच्या थाळ्या निघाल्या. एसीत बसणारे साहेब मांडी घालून बसले, कांदा हाताने फोडताना फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांच्या बैठकीत काजूकतली होती. बासी खाऊन माणूस सडसडीत राहत असे तो बासीमुळे थोडाच? ती खाऊन तो आठ तास धान रोवत असे. रोवणी वगळून नुसता भात उचलला तर त्याची साखरच होणार. इथे रेशनवर एक रुपया किलोने तांदूळ मिळाला म्हणून लोक उपाशी मेले नाहीत, हे मी शंभरदा कबूल करीन; पण डाळीचा भाव वेगळा, अंड्याचा वेगळा, आणि ‘प्रोटीन वाढवा’ सांगणारा डॉक्टर त्या भावाबद्दल चकार शब्द काढत नाही. कोदो-कुटकी गरिबाघरी शिजत होती तोवर तिला कुणी विचारत नव्हतं. 2023 हे जागतिक भरडधान्य वर्ष झालं आणि तीच कोदो झिपच्या पिशवीतून आमच्याकडे परत आली, बासमतीला लाजवील अशा किमतीला.

आणि आता घरातलं. ‘आमच्याकडे हेल्दीच खातात’ हे वाक्य पुरुषाच्या तोंडून आलं की मी त्याच्या बायकोच्या बोटांकडे बघते. सुपेल्याच्या रविवार बाजारात लाखडीची भाजी येते, चेच येते, लाल भाजी येते, बोहार येते. भाज्यांच्या बाबतीत छत्तीसगढइतकी श्रीमंती मी कुठे पाहिली नाही. ती निवडायची कुणी? लाखडीचे कोवळे शेंडे खुडत बसलं की दुपार जाते. साहेबांनी डॉक्टरकडून कागद आणला: सकाळी मोड आलेली कडधान्यं, दुपारी ज्वारीची भाकरी, संध्याकाळी सूप, रात्री भात वर्ज्य. पोरांना पराठा हवा, सासूबाईंना मऊ भात हवा. म्हणजे एका ओट्यावर तीन खाणावळी, आणि श्रेय इच्छाशक्तीला, तेही साहेबांच्या. 2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवते, घरकामाला हात लावणारा पुरुष 88. त्याच 2024 साली ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात आलं की भारतातले निम्मे प्रौढ पुरेसे हलत नाहीत, आणि बायकांत हे प्रमाण 57 टक्के, पुरुषांत 42. आमच्याकडच्या एका काकांनी हे वाचून मला ऐकवलं, “बघा, बायका जास्त आळशी.” मी त्यांना ती 289 मिनिटं दाखवली. पोळपाटापुढे उभं राहून छातीचे ठोके वाढत नाहीत, फक्त पोटऱ्यांच्या शिरा फुगतात. बाईला बाहेर पडून अर्धा तास झपाट्याने चालायचं असेल तर तो अर्धा तास कुणाच्या तरी खात्यातून काढावा लागतो. काकांच्या खात्यात तो पडून आहे. ते त्यात बातम्या बघतात.

हवेबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा ठरलेल्या मर्यादेत बसत नाही अशांची यादी आहे. छत्तीसगढमधून रायपूर आणि कोरबाबरोबर आमचं नाव तीत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा चालायला सकाळचे दोन तास तेवढे उरतात. ते दोन तास बाईला मिळतात का, सकाळच्या ए शिफ्टवाल्याला मिळतात का, रस्त्यावर दिवे असतात का, कुत्र्यांची टोळी सोडते का, हे प्रश्न त्या माइकवाल्या वक्त्याला विचारून बघा. तो म्हणेल, कारणं सांगू नका.

आमच्या स्ट्रीटवरच्या आम्ही काही बायका पावणेसहाला निघतो. कुणाला हुरूप असतो, कुणी झोपेत चालत असते. पण जी आली नाही तिच्या फाटकाची कडी बाहेरून जोरजोरात वाजवली जाते, आणि शेजारपाजार जागा होण्यापेक्षा निघणं बरं म्हणून ती निघते. हुडको कॉलनीपर्यंत जाऊन येतो. परत येईस्तोवर घरात चहा तयार हवा, हे ठरवून घ्यायला भांडणं झाली, दोन घरांत चांगलीच झाली. पुरुषांना आमच्यात यायला बंदी नाही. दोन-तीन भाऊंनी उत्साहाने विचारलंही. आमची एकच अट आहे: आदल्या रात्रीची भांडी स्वतः घासून आणि सकाळच्या डब्याची भाजी चिरून ठेवून मग यायचं. अजून कुणी आलेलं नाही.